‘नीट’नंतर उरलेली केमिस्ट्री

जून-जुलैमध्ये कुठल्याही सायन्स कॉलेजच्या ॲडमिशन खिडकीसमोर जरा वेळ उभं राहा. एक संवाद हमखास कानावर पडतो. ‘मेडिकलचं काय झालं?’ ‘नाही लागला नंबर.’ ‘मग आता?’ ‘बीएस्सी. केमिस्ट्री, बहुतेक.’ त्या ‘बहुतेक’मध्ये सगळं आलं. दोन वर्षांचा क्लास, घरच्यांचा खर्च, नातेवाइकांचे प्रश्न, आणि हाती जे उरलं ते.

आकडे बघितले तर या ‘बहुतेक’वाल्यांची गर्दी किती मोठी आहे ते कळतं. २०२५ मध्ये २२ लाखांहून जास्त मुलामुलींनी ‘नीट’ दिली. देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी सगळं धरलं तरी बहुसंख्य बाहेरच राहतात. या सगळ्यांनी १८० प्रश्नांपैकी ४५ प्रश्न केमिस्ट्रीचे सोडवलेले असतात, ७२० पैकी १८० मार्क त्याचे. म्हणजे केमिस्ट्री आलेली असते, फक्त ती कशासाठी आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. ती ‘स्कोअरिंग’ आहे एवढंच क्लासमध्ये कळतं.

मग इथे दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. पहिला म्हणतो, ‘बीएस्सी करून काय होणार, बी.एड. कर नाहीतर बँकेच्या परीक्षा दे.’ दुसरा कॉलेजच्या माहितीपत्रकात राहतो आणि म्हणतो, ‘केमिस्ट्री इज एव्हरीव्हेअर! हेल्थकेअरमध्ये प्रचंड स्कोप!’ दोघांचंही पूर्ण खरं नाही. केमिस्ट्रीचा पदवीधर आरोग्यसेवेत नेमका कुठे शिरू शकतो आणि कुठे त्याच्या तोंडावर दार बंद होतं, हे स्कोप ठरवत नाही. ते ठरवतात कायदे आणि नियम. आणि जिथे दार उघडं आहे, तिथे काम इतकं गंभीर आहे की त्याला ‘उरलेला पर्याय’ म्हणणाऱ्यांनी एकदा छिंदवाडा आठवावं.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात सर्दी-खोकल्याची साधी तक्रार असलेली लहान मुलं एकाएकी लघवी बंद होऊन दवाखान्यात यायला लागली. किडनी निकामी. अनेकांना शेजारच्या नागपूरला हलवलं गेलं, काही मुलं तिथेच गेली. एकूण वीसहून अधिक मृत्यू, बहुतेक पाच वर्षांखालची. सगळ्यांच्या घरात एकच बाटली निघाली, ‘कोल्ड्रिफ’. तमिळनाडूतल्या कांचीपुरमच्या एका छोट्या कारखान्यात बनलेलं सिरप. तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने एसआर-१३ ही बॅच तपासली तेव्हा त्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. चालतं किती? ०.१ टक्का. म्हणजे मर्यादेच्या जवळपास पाचशे पट. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही या बॅचचा वापर ताबडतोब थांबवा असं लोकांना सांगितलं.

पुढे काय झालं ते तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला अटक झाली, कंपनीच्या मालकाला झाली, परवाना रद्द झाला. डॉक्टरच्या अटकेवर टीव्हीवर भरपूर चर्चाही झाली. पण त्याच प्रकरणात आणखी एक अटक झाली, जिच्याबद्दल फार कुणी बोललं नाही. कंपनीतल्या केमिकल ॲनालिस्टची. ज्या टेबलावर हे औषध अडायला हवं होतं, ते टेबल.

आता यात केमिस्ट्री काय आहे ते बघू, कारण ती बारावीच्या पुढे फारशी जात नाही. सिरप गोड आणि दाटसर लागावं, औषध त्यात नीट विरघळावं म्हणून ग्लिसरीन, सॉर्बिटॉल किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात. हे औषध नव्हे, औषधाचं वाहन. डायइथिलीन ग्लायकॉल दिसायला डिट्टो तसंच. रंग नाही, वास नाही, चवीला गोड, हाताला चिकट. कारखान्यांत ते सॉल्व्हंट म्हणून वापरतात आणि ते स्वस्त असतं. शरीरात गेल्यावर यकृतात त्याचं ऑक्सिडेशन होतं, डायग्लायकॉलिक ॲसिड तयार होतं आणि ते किडनीच्या पेशी मारतं. दोन्हीकडे ओएच ग्रुप, दोन्ही पाण्यात विरघळणारे, दोन्ही पिंपात भरून येणारे. डोळ्यांनी फरक कळणं अशक्य. गॅस क्रोमॅटोग्राफवर मात्र वेगळा पीक येतो. मशीन नसेल तर थिन लेयर क्रोमॅटोग्राफी करता येते, जी आपण सगळ्यांनी कॉलेजात पालकाच्या पानांचा रस वापरून केलेली असते. ही चाचणी काही रॉकेट सायन्स नाही. ती केली जाते की नाही, एवढाच प्रश्न असतो.

आणि हा प्रश्न फार जुना आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत ‘एलिक्झिर सल्फॅनिलमाइड’ नावाच्या औषधाने शंभराहून जास्त माणसं मेली. हेच रसायन. त्या धक्क्यातून १९३८ चा अमेरिकेचा औषध कायदा आला. आपल्याकडे, थेट मुंबईत, १९८६ च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. डोळ्यांतला आणि मेंदूतला दाब कमी करायला ग्लिसरॉल दिलं जायचं, त्यात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं होतं. न्या. लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला गेला आणि १९८८ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालाने रुग्णालय, पुरवठादार, औषध प्रशासन, मंत्रालय असं कुणालाच सोडलं नाही. तुमच्या आईबाबांना ‘लेंटिन कमिशन’ हे शब्द आठवत असतील, विचारून बघा. २०२२ मध्ये गॅम्बियात किमान ६६ मुलांचे मृत्यू भारतातून गेलेल्या सिरपशी जोडले गेले. त्यानंतर केंद्र सरकारने जून २०२३ पासून निर्यात होणारं खोकल्याचं औषध आधी सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासणं सक्तीचं केलं. निर्यात होणारं! देशातल्या देशात विकल्या जाणाऱ्या बाटलीला ती सक्ती नव्हती. कोल्ड्रिफ त्या फटीतून गेलं.

छिंदवाड्यानंतर औषध महानियंत्रकांनी राज्यांना जे पत्र पाठवलं त्यातली एक ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तपासणीत असं दिसलं की, अनेक उत्पादक कच्च्या मालाची प्रत्येक बॅच वापरण्याआधी तपासतच नाहीत. म्हणजे पिंप आलं, सोबत पुरवठादाराचं ‘सीओए’, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ ॲनालिसिस आलं, कागद फाइलला लावला, माल आत. हा कागद आणि ते पिंप यांच्या मध्ये जो माणूस उभा असायला हवा, तो बहुतेक वेळा केमिस्ट्रीचा पदवीधर असतो.

‘बहुतेक वेळा’ हे मी हवेत म्हणत नाही, नियमातच तसं आहे. औषध नियमावली, १९४५ मध्ये नियम ७१ आहे. औषधनिर्मिती सक्षम तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखालीच व्हायला हवी, असं तो सांगतो, आणि सक्षम कोण याची यादी देतो. फार्मसीचा पदवीधर असेल तर १८ महिन्यांचा अनुभव. केमिस्ट्री मुख्य विषय घेऊन बीएस्सी झालेला असेल तर पदवीनंतर औषधनिर्मितीतला तीन वर्षांचा अनुभव. म्हणजे ज्या पदवीला मामा-काका ‘नुसती बीएस्सी’ म्हणतात, तिच्या जोरावर तीन वर्षांनी कायदा तुमच्या देखरेखीखाली औषध बनवू देतो. याहून मोठी जबाबदारी पदवीनंतर इतक्या लवकर फार कमी क्षेत्रांत येते.

पण हाच नियमसंग्रह दुसरीकडे दार बंदही करतो. औषध निरीक्षक, म्हणजे ‘ड्रग इन्स्पेक्टर’ व्हायचंय? नियम ४९ म्हणतो, फार्मसी, फार्मास्युटिकल सायन्स किंवा ठरावीक विषयांतलं स्पेशलायझेशन असलेली वैद्यकीय पदवी हवी. केमिस्ट्रीत एमएस्सी फर्स्ट क्लास असला तरी एमपीएससीचा तो फॉर्म तुम्हाला भरता येणार नाही. उलट सरकारी विश्लेषक, म्हणजे जप्त केलेला नमुना सरकारी प्रयोगशाळेत तपासून ज्याचा अहवाल कोर्टात पुरावा ठरतो तो ‘गव्हर्न्मेंट ॲनालिस्ट’, त्या पदाला नियम ४४ नुसार विज्ञानाचा पदवीधर चालतो. पदवीनंतर मान्य प्रयोगशाळेत औषधं तपासण्याचा पाच वर्षांचा अनुभव लागतो, पदव्युत्तर असाल तर तीन वर्षांचा. छापा घालणारा फार्मसीचा आणि निकाल देणारा केमिस्ट्रीचा, अशी ही गमतीशीर वाटणी आहे. करिअर गाइडन्सच्या किती व्याख्यानांत हे तीन नियम कुणी वाचून दाखवलेत, ते तुम्हीच सांगा.

यातला सगळ्यात मोठा विनोद तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर आहे. ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’ अशी पाटी लावलेल्या दुकानात केमिस्ट्रीच्या पदवीधराला औषध देता येत नाही. तिथे १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे नोंदणी झालेला फार्मासिस्टच लागतो, डी.फार्म. किंवा बी.फार्म. झालेला. पाटीवरचा ‘केमिस्ट’ आणि तुमच्या आयकार्डवरचा केमिस्ट्री हे फक्त आडनावबंधू.

रुग्णालयाच्या लॅबचं काय? इथे गोंधळ सर्वांत जास्त आहे आणि या गोंधळावर बऱ्याच जणांची दुकानं चालतात, म्हणून जरा थांबू.

छिंदवाड्याच्या मुलांची किडनी बिघडली हे डॉक्टरांना कसं कळलं? रक्तातल्या क्रिएटिनिनवरून. ते मोजायची सगळ्यात जुनी आणि अजूनही वापरात असलेली रीत माक्स याफे यांनी १८८६ मध्ये नोंदवलेल्या अभिक्रियेवर उभी आहे. अल्कलीत पिक्रिक ॲसिड घातलं की क्रिएटिनिनबरोबर केशरी रंग येतो, रंग जितका गडद तितकं क्रिएटिनिन जास्त. निव्वळ कलरिमेट्री. बिअर-लॅम्बर्टचा नियम, जो आपण व्हायव्हाच्या आदल्या रात्री पाठ करतो. कावीळ झालेल्या रुग्णात बिलिरुबिनमुळे हे रीडिंग चुकू शकतं, काही अँटिबायोटिक्समुळेही चुकू शकतं. ज्याला अभिक्रिया कळते त्याला आकडा संशयास्पद कधी वाटायला हवा हे कळतं. ज्याला फक्त मशीनचं बटण माहीत आहे, त्याला नाही कळत. म्हणून क्लिनिकल बायोकेमिस्ट्रीत केमिस्ट्री मुरलेल्या माणसाची किंमत आहे, यात शंका नाही.

पण किंमत असणं वेगळं आणि अधिकार असणं वेगळं. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं की, पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. शिवाय २०२१ मध्ये संसदेने अलाइड हेल्थकेअरसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. मेडिकल लॅबोरेटरीवाले त्यात येतात. त्यांचं शिक्षण आणि नोंदणी आता एका चौकटीत बसवली जातेय. साधी केमिस्ट्रीची पदवी या चौकटीत आपोआप बसत नाही. ‘बीएस्सीनंतर सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन, शंभर टक्के प्लेसमेंट’ अशी जाहिरात बसस्टॉपवर दिसली, की फी विचारण्याआधी एकच विचारा. या कोर्सवर महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिलकडे नोंदणी होते का? लेखी दाखवा. उत्तर गोलमोल आलं तर तिथला चहा पिऊन परत या. लॅबमध्येच जायचं पक्कं असेल तर तीन वर्षं केमिस्ट्री करून मग वळसा घालण्यापेक्षा बारावीनंतरच मेडिकल लॅबोरेटरीची पदवी घेणं शहाणपणाचं, असं माझं स्पष्ट मत आहे. केमिस्ट्री विभागातले सर-मॅडम रागावतील, पण हे तुम्हाला तिसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

आणखी एक गोंधळ यूट्यूबमुळे झालाय. अमेरिकेतली मुलं ‘प्री-मेड’ म्हणून केमिस्ट्री करतात, त्यांच्या ‘डे इन माय लाइफ’ रील्स बघून इथल्या मुलांनाही वाटतं की बीएस्सी ही डॉक्टरकीची पहिली पायरी असेल. तिकडे वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होतं आणि प्रवेशपरीक्षेचा एक पूर्ण भाग केमिस्ट्री-फिजिक्सचा असतो. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत आपटला की डॉक्टरकीचं स्वप्न संपलं, म्हणून तो विषय तिथे चाळणी झालाय. २०२२ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात मेटलंड जोन्स या नामवंत प्राध्यापकांविरुद्ध साडेतीनशेपैकी ८२ विद्यार्थ्यांनी तक्रार केली की, त्यांचा कोर्स फार अवघड आहे, आणि विद्यापीठाने त्यांचा करारच संपवला. त्यावर तिकडे मोठा वाद झाला. आपल्याकडे चाळणी बारावीलाच लागते. बीएस्सी झाल्यावर पुन्हा ‘नीट’ जरूर देता येते, वयाची वरची अट आता नाही, पण तीन वर्षं केमिस्ट्री शिकलात म्हणून एका मार्काचीही सूट नाही. त्यामुळे ‘बीएस्सी करता करता रिपीट करतो’ म्हणणाऱ्यांनी हिशेब नीट मांडावा. बहुतेकांच्या हातून दोन्ही गोष्टी अर्ध्याच होतात. प्रॅक्टिकलला हजेरीपुरतं यायचं, जर्नल मैत्रिणीचं उतरवायचं, आणि पुन्हा तोच निकाल.

जर्नलचा विषय निघालाच आहे तर खरं बोलू.

आपल्या प्रॅक्टिकलमध्ये ‘सीबीआर’ नावाची एक संस्कृती आहे. कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. टायट्रेशनची तीन रीडिंग्ज घ्यायची. खऱ्या आयुष्यात ती १०.२, १०.४, १०.३ अशी येतात, कारण हात माणसाचा आहे. पण जर्नलमध्ये १०.३, १०.३, १०.३. कधी कधी तर तिसरं टायट्रेशन झालेलंच नसतं. परीक्षेत शेजारच्याला हळूच विचारायचं, ‘किती येतंय रे?’ मग अपेक्षित उत्तरावरून उलटं गणित करून रीडिंग काढायचं. ग्रॅव्हिमेट्रीचं वजन तर जवळजवळ सगळेच मागून पुढे येऊन लिहितात. आपण याकडे विनोद म्हणून बघतो. मार्कही नीटनेटक्या आकड्यांनाच मिळतात, विस्कटलेल्या खऱ्या आकड्यांना नाही, त्यामुळे दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाही.

औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल विभागात याच सवयीला ‘डेटा इंटिग्रिटी’चं उल्लंघन म्हणतात. रॅनबॅक्सी एके काळी देशातल्या सर्वांत मोठ्या औषध कंपन्यांपैकी. मे २०१३ मध्ये तिच्या अमेरिकी शाखेने तिथल्या कोर्टात गुन्हा कबूल केला आणि ५० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. प्रकरणाच्या मुळाशी होतं हेच, औषधांच्या चाचण्यांची खोटी किंवा बनवलेली माहिती. त्यानंतरही अमेरिकी निरीक्षक भारतीय कारखान्यांत आले की सगळ्यात आधी काय बघतात? एचपीएलसीच्या संगणकातला ऑडिट ट्रेल. कुठला नमुना किती वाजता मशीनमध्ये गेला, कुणाच्या पासवर्डने गेला, आधी फेल झालेली रन पुसून दुसरी घेतली का. कचऱ्याच्या पिशव्यासुद्धा उघडून बघितल्या जातात, फाडलेले कागद सापडतात का म्हणून.

नुकत्याच रुजू झालेल्या ॲनालिस्टची जागा कशी असते ते डोळ्यांसमोर आणा. तारापूर, रोहा, लोटे, कुरकुंभ, वाळूज किंवा गोव्यातलं वेर्णा. कंपनीची बस, तीन शिफ्ट, काँट्रॅक्टवरची नोकरी. पगार सुरुवातीला असा की रूम, मेस आणि घरी पाठवायचे पैसे यात महिना संपतो. रात्री अकराला नमुना लावला, आकडा मर्यादेबाहेर आला. याला तिथे ‘ओओएस’ म्हणतात, आऊट ऑफ स्पेसिफिकेशन. नियमाप्रमाणे चौकशी उघडायची, बॅच थांबवायची. पण सकाळी ट्रक लागणार असतो आणि प्रॉडक्शनचा माणूस खांद्यावर हात ठेवून म्हणतो, ‘अरे, पुन्हा एकदा चालवून बघ ना.’ त्या ‘पुन्हा एकदा’ला नाही म्हणायची ताकद बावीस वर्षांच्या मुलात कुठून येणार? तीन वर्षं त्याने १०.३ च लिहिलेलं असतं.

इथे उद्योगालाही विचारायला हवं. ज्याच्या एका सहीवर हजारो बाटल्या बाहेर जातात, त्याला सगळ्यात कमी पगार आणि सगळ्यात कच्ची नोकरी द्यायची आणि मग सचोटीची व्याख्यानं झोडायची, हे कसं चालेल? छिंदवाड्याच्या ॲनालिस्टची जबाबदारी कोर्ट ठरवेल. पण एका छोट्या कारखान्यात मालकाला ‘हे पिंप परत पाठवा’ म्हणणारा ॲनालिस्ट दुसऱ्या दिवशी कामावर राहतो का, हा प्रश्न कोर्टापुढे येत नाही. औषधनिर्मितीच्या नियमांचं नवं परिशिष्ट, ‘शेड्यूल एम’, सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये आणलं. मोठ्या कंपन्यांना ते आधी लागू झालं, लहान-मध्यम कंपन्यांना मुदतवाढ मिळत मिळत ती डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत गेली. आता या नियमांनुसार छोट्यांनाही गुणवत्तेची पूर्ण यंत्रणा उभी करावी लागणार. म्हणजे कागदावर तरी केमिस्टची गरज वाढणार. ती माणसं सहीपुरती घेतली जातात की तपासणीसाठी, हे येत्या एक-दोन वर्षांत दिसेल.

तरीही हे सगळं फक्त चुका पकडण्याचं काम आहे, असा समज करून घेऊ नका. भारतातली औषधं स्वस्त झाली ती केमिस्ट लोकांमुळे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूला नव्हे, तर फक्त ते बनवायच्या प्रक्रियेला पेटंट दिलं. मग आपल्या केमिस्टांनी काय केलं? त्याच रेणूपर्यंत जायच्या दुसऱ्या वाटा शोधल्या. ‘रेट्रोसिंथेसिस’ नावाचं जे प्रकरण एमएस्सीला डोकं खातं, त्यावर अख्खा उद्योग उभा राहिला. मुंबईत १९३५ मध्ये सिप्ला सुरू करणारे ख्वाजा अब्दुल हमीद बर्लिनला केमिस्ट्रीत डॉक्टरेट करून आलेले, त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद केंब्रिजला. २००१ मध्ये एचआयव्हीची तीन औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलरमध्ये देतो, असं सिप्लाने जाहीर केलं, तेव्हा बाजारभाव १० हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेतल्या किती लोकांचे प्राण त्याने वाचले याचा हिशेब डॉक्टरांच्या खात्यात मांडला जातो, रिॲक्शन फ्लास्कजवळ उभं राहिलेल्यांच्या नाही. २००५ पासून रेणूलाच पेटंट मिळायला लागलं आणि तो खेळ बदलला. आता पेटंट संपण्याची वाट बघत आधीच प्रक्रिया तयार ठेवायची शर्यत असते. माटुंग्याची आयसीटी, पुण्याची एनसीएल यांच्या आसपास हे काम चालतं, पण त्यासाठी एमएस्सी आणि बहुधा पीएचडीची तयारी ठेवावी लागते.

नव्या शैक्षणिक धोरणाने एक संधी दिलीय, ती वाया घालवू नका. अभ्यासक्रमात ‘ओजेटी’, ऑन जॉब ट्रेनिंग आलंय. बऱ्याच कॉलेजांत ते ओळखीच्या दुकानाचं सर्टिफिकेट आणून उरकलं जातं. ते सर्टिफिकेट म्हणजे नवं सीबीआर. त्याऐवजी जिल्ह्यातली एखादी औषध कंपनी, तपासणी प्रयोगशाळा, दूध संघाची लॅब, कुठेही जा, पण जिथे खऱ्या नमुन्यावर खरी चाचणी होते तिथे महिनाभर उभं राहा. एचपीएलसीचा कॉलम स्वतः धुवा. ओओएस आल्यावर लोक कसे वागतात ते बघा. त्या महिन्याने तुम्हाला हे काम झेपतं का, आवडतं का, हे ‘स्कोप’च्या दहा व्याख्यानांपेक्षा जास्त कळेल.

आणि एखाद्याला रुग्णाच्या अगदी जवळ जाऊनही केमिस्ट्रीच करायची असेल तर एक कोपरा आहे, ज्याचं नाव सहसा कुणी घेत नाही. न्यूक्लियर मेडिसिन. कॅन्सर शरीरात कुठे पसरलाय हे बघायला पेट स्कॅन करतात, त्यासाठी फ्लोरिन-१८ जोडलेली साखर शिरेतून देतात. देशातलं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ मध्ये सुरू झालं, आणि या केंद्रात विज्ञान पदवीधरांसाठी अभ्यासक्रमही चालतात. पात्रतेची अट त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचून घ्या. फ्लोरिन-१८ चा अर्धायुष्यकाल ११० मिनिटं. पहाटे सायक्लोट्रॉनमध्ये तो तयार करायचा, लगेच साखरेच्या रेणूवर बसवायचा, शुद्ध करायचा, मग पीएच, क्रोमॅटोग्राफी, उरलेलं सॉल्व्हंट, विषारी उत्प्रेरकाचा अंश असं सगळं तपासायचं, शिशाच्या डब्यात भरायचं आणि गाडीत घालायचं. मुंबईहून निघालेली गाडी ट्रॅफिकमध्ये अडकून पावणेचार तासांनी नाशिकला पोचली तर पाव भागच उरतो.

यातल्या बहुतेक चाचण्या औषध बाहेर पडण्याआधी होतात. निर्जंतुकतेची चाचणी मात्र १४ दिवस चालते. तिचा निकाल येईपर्यंत तो डोस रुग्णाच्या शरीरात जाऊन, स्कॅन होऊन, रिपोर्टही मिळालेला असतो. म्हणून सकाळी सातला तो डबा बाहेर सोडायचा की नाही हे ठरवताना केमिस्टच्या हातात त्या दिवशीची नोंदवही असते, आणि त्या नोंदवहीत रात्रभर लिहिलेले आकडे.